धुऊन पाच मिनिटं थांबायचं

देजप्पा पूजारीचं आडनाव ऐकून मेडिकल कॉलेजात नव्याने आलेली परगावची मुलं हमखास विचारायची, "अण्णा, तुमचं देऊळ कुठलं?"

देजप्पा मान वर न करता सांगायचा, "बेडकांचं. रोज दोघांना मोक्ष."

त्याचे आजोबा माडावर चढून माडी काढायचे, वडील नदीकाठच्या कौलांच्या कारखान्यात माती तुडवायचे आणि देजप्पा औषधशास्त्र विभागात अटेंडर होता. "आजा झाडावर, बाप मातीत आणि मी डबक्यात," असं तो स्वतःच म्हणायचा, म्हणजे दुसऱ्याला म्हणायला काही उरत नसे.

हुद्दा अटेंडरचा खरा, पण सत्तावीस वर्षांत त्या प्रयोगशाळेत त्याच्यावाचून पान हललं नव्हतं. बेडकाच्या पोटावरचा बोटभर लांबीचा स्नायू न चिमटता सोडवायचा, दोन्ही टोकांना दोरा बांधायचा, काचेच्या नळकांड्यात खारवलेल्या पाण्यात उभा टांगायचा आणि वरचा दोरा काडीसारख्या तरफेला जोडायचा. तरफेचं टोक काजळी धरलेल्या ड्रमला नुसतं टेकलेलं. पाण्यात औषधाचा थेंब पडला की स्नायू आखडतो, तरफ उचलली जाते आणि फिरत्या ड्रमवर काळ्यात एक पांढरी टेकडी उमटते. थेंब मोठा, टेकडी उंच. मुलांच्या वह्यांत या टेकड्यांना भारदस्त नावं होती. देजप्पा त्यांना टेकड्याच म्हणायचा. ड्रमला घासलेटच्या धुरावर काजळी धरायचं कामही त्याचंच, त्यामुळे त्याची नखं लग्नातसुद्धा काळी होती. वारिजाच्या मामाने त्यावरून विचारलं होतं, "मुलगा रेल्वेत कोळसा टाकतो का?"

वारिजा, म्हणजे त्याची बायको, विड्या वळायची. आमच्या कुलशेखर भागात ज्या घरात विडीचं सूप नाही ते घर एक तर श्रीमंताचं, नाहीतर बंद. दिवसभर पानं कापायची, तंबाखू भरायची, वळून दोरा बांधायचा, पंचवीस-पंचवीसच्या जुड्या करायच्या आणि दुपारी विडी कंपनीच्या ब्रँचवर, खिडकीत नेऊन द्यायच्या. खिडकीतला माणूस जुडी हातात दाबून बघतो. सैल लागली तर परत.

ही खिडकी देजप्पाच्या कामी आली ती अशी. अठ्ठ्याहत्तर साली फ्लाविया लोबो नावाची एक विद्यार्थिनी होती. हुशार, पण दोरा बांधायला घेतला की स्नायूचं लोणचं करायची. भट सर, विभागाचे प्रमुख, फळ्यावर रिसेप्टर काढून गेले होते आणि ही पोरगी रडकुंडीला येऊन बसली होती.

देजप्पा म्हणाला, "विड्यांच्या ब्रँचवर गेलायत कधी?"

"मी? विड्यांच्या?"

"नाही ना? म्हणून समजत नाही. ब्रँचला दहा खिडक्या आहेत असं धरा. बाई जुडी घेऊन येते, खिडकीत देते. आत घंटी वाजते, आतली माणसं कामाला लागतात. बाई स्वतः आत जात नाही. औषधही असंच. पेशीच्या आत शिरत नाही, बाहेरच्या खिडकीत जुडी ठेवतं. पळापळ आत."

"आणि डोस वाढवला तर?"

"बाया वाढल्या, घंट्या वाढल्या, टेकडी उंच. पण दहाच्या दहा खिडक्या भरल्या, की मागे शंभर बाया उभ्या करा, टेकडी केसभर वाढायची नाही."

"आणि क्युरारे? ते घातलं की टेकडीच येत नाही, ते?"

"तो रिकाम्या हाताने येऊन खिडकीला टेकून उभा राहणारा. स्वतः जुडी देत नाही, दुसरीला देऊ देत नाही. आमच्या वॉर्डाच्या मेंबरसारखा."

ती हसली. मग एझेरीनचं विचारलं. ते औषध थेंबाच्या आधी घातलं की तेवढ्याच थेंबाची टेकडी दुप्पट होते.

"ब्रँचसमोर एक झाडूवाला असतो. बाई जरा रेंगाळली की हाकलतो. एझेरीन काय करतं? झाडूवाल्याला चहाला घेऊन जातं. बायांची गर्दी खिडकीशी जास्त वेळ टिकते. बस."

"हे परीक्षेत असंच लिहू?"

"लिहा. नापास झालात तर माझं नाव सांगा. मला कुणी नापास करू शकत नाही, मी परीक्षेलाच बसत नाही."

आणि एक गोष्ट तो प्रत्येक बॅचला सांगायचा. मुलांना घरी जायची घाई. एक थेंब दिला, स्नायू पुरता सैल व्हायच्या आत दुसरा, लगेच तिसरा. मग टेकड्या लहान लहान होत जायच्या आणि मुलं ओरडायची, "अण्णा, तुमचा बेडूक मेला!"

"बेडूक सकाळीच मेलाय. खिडकीतल्या माणसाने वैतागून फळी पाडलीय. दम घेऊ दिला नाहीत त्याला. औषध सगळं धुऊन टाका आणि पाच मिनिटं थांबा."

मुलं धुवायची, थांबायची. पुढच्या थेंबाला टेकडी पहिल्याइतकी उंच. सत्तावीस वर्षांत हे एकदाही चुकलं नाही.

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर वारिजाच्या विड्या ब्रँचवरून परत यायला लागल्या. गंमत अशी, की सकाळी वळलेल्या घट्ट आणि दुपारच्या सैल. ती म्हणाली, पान वाईट आलंय. मग डावी पापणी संध्याकाळच्या सुमाराला खाली यायला लागली.

"कुणाला डोळा मारतेस गं?" देजप्पाने विचारलं.

"एकदा तुम्हाला मारून काय मिळालं ते बघितलं. आता कुणाला मारू?"

पण जेवताना घास चावता चावता ती थांबायला लागली. जबडा हाताने वर धरून चावायची. बोलणं नाकातून यायला लागलं. सकाळी उठली की पुन्हा ठणठणीत. शेजारणी म्हणाल्या, दैवाचं, म्हणजे घराण्याच्या भुताचं, काहीतरी राहिलंय. वारिजाने कोंबड्याचा नवस केला. देजप्पाने कोंबडा दिला, रस्सा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी तिला कॉलेजच्या हॉस्पिटलात घेऊन गेला. तिथे मेडिसिनला डॉक्टर फ्लाविया लोबो होत्या. आता चष्मा होता, मागे चार शिकाऊ डॉक्टर होते, पण हाक तीच.

"देजप्पण्णा! दोरा बांधायला बोलावलंत की काय?"

त्यांनी वारिजाला छताकडे बघत राहायला सांगितलं. मिनिटभरात दोन्ही पापण्या मिटत आल्या. मग एक इंजेक्शन दिलं आणि सगळे घड्याळ बघत उभे राहिले. सात मिनिटं, आठ मिनिटं. वारिजाची पापणी हळूहळू वर गेली, जशी तरफ जाते तशी, मध्ये न अडखळता. तिने नवऱ्याकडे पूर्ण उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "अहो, दाढी तरी करून यायचं."

देजप्पाने हनुवटीवरून हात फिरवला. मग तो शिकाऊ डॉक्टरांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "एझेरीनच्या घरातलंच ना हे, डॉक्टर?"

"चुलत भाऊ. निओस्टिग्मिन. तुम्हाला काय शिकवायचं, अण्णा!"

त्या पुढे जे म्हणाल्या ते मात्र त्याने अर्धंच ऐकलं. शरीरच स्वतःच्या खिडक्यांना परकं समजून मोडून टाकतंय, गोळीने खिडक्या नव्याने बसत नाहीत, झाडूवाला फक्त बाजूला होतो. "हो हो," देजप्पा म्हणाला. त्याच्या डोळ्यांसमोर पापणीच होती.

दीड वर्ष बरं गेलं. गोळी दर चार तासांनी, आणि ती वारिजा देजप्पाच्याच हातून घ्यायची. तो कामावर असला की डबीत मोजून ठेवायचा, दुपारी सायकलवरून येऊन बघायचा. वळायच्या विड्या निम्म्यावर आणल्या होत्या, पण त्या परत येत नव्हत्या. देजप्पा आता गल्लीतला अर्धा डॉक्टर झाला. लोक चिठ्ठ्या घेऊन यायचे, तो चष्मा लावून वाचायचा आणि म्हणायचा, "बरोबर लिहिलंय." डॉक्टरने बरोबर लिहिलंय याने लोकांना फार धीर येतो.

त्याने एक वही केली होती. रोज सकाळी आणि दुपारी वारिजाने एक दीर्घ श्वास घ्यायचा आणि त्या एका दमात जमतील तितके आकडे म्हणायचे. डॉक्टर लोबोंनीच शिकवलं होतं. चांगल्या दिवशी ती बत्तीसपर्यंत जायची. विड्या मोजायची सवय, त्यामुळे पंचवीस झाले की आपोआप थांबायची आणि देजप्पा ओरडायचा, "जुडी बांधायची नाहीये, पुढे चल!"

पंचाण्णवच्या पावसाळ्यानंतर आकडे उतरायला लागले. अठ्ठावीस. पंचवीस. बावीस. लोबोंनी गोळी वाढवली. आठ दिवस बरं वाटलं, पुन्हा उतार. पुन्हा वाढवली. आता तोंडाला लाळ सुटायची, पोटात पिळवटून यायचं आणि आकडे मात्र चोवीसच्या पुढे जाईनात.

देजप्पा वही पुढ्यात घेऊन बसला. बत्तीस, अठ्ठावीस, पंचवीस, बावीस. असल्या उतरत्या टेकड्या त्याने हजारदा पाहिल्या होत्या. डोस वाढवतोय आणि टेकडी लहान होतेय, म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. दीड वर्ष दर चार तासांनी, दम न देता. फळी पडलीय.

शनिवारी संध्याकाळी तो वारिजाला म्हणाला, "उद्या दिवसभर गोळी बंद. शहाळ्याचं पाणी पी, आराम कर. सगळं धुऊन निघालं की परवा एका गोळीत बत्तीस म्हणशील."

वारिजा विडीचं पान कापत होती. कात्री थांबवून म्हणाली, "लोबोबाईंना विचारलंत?"

"सोमवारी सांगेन ना, वही दाखवून. लोबोबाईंना दोरा कुणी शिकवला?"

"दोरा वेगळा, मी वेगळी."

"तुला भरवसा नाही का?"

"भरवशाचं कोण बोलतंय? विचारावं, एवढंच." तिने कात्री पुन्हा चालवली. "बरं. तुम्ही म्हणता तर."

रविवारी सकाळी उठल्यावर ती चोवीस आकडे म्हणाली. आदल्या दिवशीइतकेच, आणि गोळीशिवाय! पोटात पीळ नाही, लाळ नाही. देजप्पाने वहीत चोवीसच्या भोवती गोल काढला. दोन शहाळी फोडली. मुलगी नमिता कार्कळला दिली होती, तिला पुढच्या आठवड्यात बोलवू असं दोघांचं ठरलं. अकरा वाजता आकडे पंधरा झाले. देजप्पा म्हणाला, धुताना सुरुवातीला तरफ खाली जातेच.

बाराला तिने भाताची पेज आणि दही खायला घेतलं. दोन घास गेले, तिसऱ्याला ठसका लागला. ठसका म्हणजे मोठा खोकला नव्हे, तेवढी ताकदच नव्हती. घशात काहीतरी बारीक वाजत राहिलं, डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून पेज आली. देजप्पाने पाठ चोळली. "सावकाश," तो म्हणाला. एक वाजता ती मान वर धरू शकेना. हनुवटीखाली तळहात देऊन बसली होती.

"म्हण आकडे."

तिने श्वास घेतला. सहाला संपला.

देजप्पाने डबी उघडली, गोळी तिच्या जिभेवर ठेवली, पाणी दिलं. गोळी ओठातून पाण्याबरोबर बाहेर आली. दुसरी ठेवली. तीही आली. तिसरी त्याने चुरून मधात कालवून लावली आणि ती तिच्या जिभेवर तशीच पांढरी दिसत राहिली. मग तो रस्त्यावर धावला आणि रिक्षा आणली.

कॅज्युअल्टीत रविवारची सामसूम होती. डॉक्टर लोबो जेवणावरून उठून आल्या. दोन शिकाऊ डॉक्टर, दोघेही देजप्पाच्या हाताखालून गेलेले, आणि एक सिस्टर. सगळ्यांनी त्याला "अण्णा, बसा" म्हटलं. लोबोंनी वारिजाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, मनगट धरलं आणि न वळता विचारलं, "गोळ्या वेळेवर गेल्या ना?"

एवढाच प्रश्न. देजप्पाच्या तोंडून निघालं, "हो."

"सकाळपासून सगळ्या?"

"सगळ्या."

तो नंतर शपथेवर सांगायचा, की मी बोलायच्या आधी माझ्या तोंडाने बोलून टाकलं. ते दोन शिकाऊ डॉक्टर बघत होते, हे खरं. त्यांना तो कितीदा म्हणाला होता, मला कुणी नापास करू शकत नाही.

लोबो त्या दोघांना घाईघाईने सांगत होत्या, "ऐका. गोळी कमी पडली तरी माणूस असाच गळतो आणि जास्त झाली तरी असाच. बघून कळत नाही. कमी असेल तर द्यायची, जास्त असेल तर दिली की मारलीच. आधीच डोस वाढवलेला, सगळ्या गोळ्या गेलेल्या, आठवडाभर लाळ, पोटात पीळ. मला हे जास्तीचं वाटतंय." मग त्या वारिजाच्या तोंडाजवळ वाकल्या. "वारिजक्का, ऐकू येतंय? गोळ्या घेतल्या सकाळपासून? हो असेल तर माझं बोट दाबा."

वारिजाच्या पापण्या मिटल्या होत्या. खालच्या फटीतून बुबुळं हलली. ती खाटेभोवती कुणाला तरी शोधत होती. देजप्पा पायाशी उभा होता. तिला तो दिसला. मग तिने बोट दाबलं.

"दाबलं," लोबो म्हणाल्या. "निओस्टिग्मिन नाही. जास्तीवरचा उतारा, ॲट्रोपिन भरा. श्वासाच्या नळीची तयारी ठेवा."

देजप्पा बाहेर व्हरांड्यात आला.

चारचौघांत वारिजाने त्याला कधी खोटं पाडलं नव्हतं. त्याने लग्नात मेहुण्यांना सांगितलं होतं, की मी बेडकाला झोपवून पुन्हा उठवतो. तेव्हाही ती शेजारी बसून मान हलवत होती आणि घरी आल्यावर पोट धरून हसली होती. व्हरांड्यात एक बाई पोराला केळं भरवत होती. देजप्पा त्या पोराकडे बघत उभा राहिला. आत जायचं, एक वाक्य बोलायचं. पाय उचलेना. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून तो स्वतःला सांगत होता, लोबो हुशार आहेत, त्यांना कळेल. पण त्यांना कळायची एकच वाट होती आणि ती तो अडवून उभा होता.

पंचवीस मिनिटं गेली. मग तो आत शिरला आणि दारातूनच ओरडला, "डॉक्टर, एकही गेलेली नाही! काल संध्याकाळपासून एकही नाही. मी थांबवली. मी थांबवली, तिने नाही."

लोबोंनी त्याच्याकडे एकदाच बघितलं. सिस्टरच्या हातातून ट्रे ओढला आणि इंजेक्शन भरलं.

दहा मिनिटांत पापणी अर्धी वर आली. छाती जरा जास्त उचलायला लागली. वारिजाने देजप्पाकडे पाहिलं. बोलायचा प्रयत्न केला, पण आवाज फुटला नाही. तिच्या त्या बघण्यात काय होतं, हे त्याने पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही. बहुतेक त्यालाही ते ठरवता आलं नसावं.

पण दुपारचा घास श्वासनलिकेत उतरला होता. सोमवारी ताप चढला, मंगळवारी नळी घालावी लागली. फुप्फुसात पू झाला. नळीमुळे तिला बोलता येत नव्हतं. देजप्पा तिचा हात धरून एकच गोष्ट विचारत होता. "का दाबलंस बोट? वारिजा, का दाबलंस?" ती कधी झोपलेली असायची, कधी नसायची.

बुधवारी त्याने डॉक्टर लोबोंना जिन्यात गाठलं.

"माझ्यामुळे ना?"

लोबो एक पायरी खाली उतरून त्याच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. "गोळी थांबली म्हणून हे झालं. खोटं कशाला सांगू?"

"पण टेकड्या उतरत होत्या, डॉक्टर. फळी पडली होती. धुऊन थांबलं की—"

"बेडकाच्या दहाही खिडक्या शाबूत असतात, अण्णा. फळी पडते, फळी उघडते. वारिजक्काच्या खिडक्याच बुजत चालल्या होत्या. तीन उरल्या, दोन उरल्या. टेकडी म्हणून लहान होत होती. तिथे थांबून काय उघडणार? भिंत?" मग त्यांचाच आवाज घोगरा झाला. "मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तुम्ही हो हो म्हणालात. मला वाटलं, देजप्पण्णांना कळलंय. त्यांना न कळायला काय झालं! मी तरी पुन्हा सांगायला हवं होतं."

"आणि ती पंचवीस मिनिटं?"

"ते मला सांगता येत नाही. घास त्याआधीच उतरला होता. कदाचित काही फरक पडला नसता." त्या थांबल्या. "कदाचित पडला असता."

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला वारिजा गेली.

बोज्जाच्या, म्हणजे तेराव्याच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. केळीची पानं धुऊन उभी करून ठेवली होती. विड्यांच्या ब्रँचवरच्या बाया आल्या होत्या, कॉलेजातून भट सर येऊन गेले. जो येईल तो देजप्पाच्या खांद्यावर हात ठेवून तेच म्हणायचा. घड्याळ लावून गोळ्या दिल्या हो याने. असा नवरा कुणाला मिळतो? वारिजाची मोठी बहीण, लीलक्का, तर प्रत्येक नव्या पाहुण्याला ती वही दाखवत होती. "बघा, रोज दोनदा लिहायचा. डॉक्टर तरी लिहितात का?"

देजप्पाने ते दुपारपर्यंत सोसलं. मग नमिताला मागच्या दारी विहिरीशी बोलावलं आणि सगळं सांगितलं. शनिवारची कात्री, चोवीसचा गोल, पेज, बोट, व्हरांडा. काही वगळलं नाही.

नमिता कठड्याला धरून उभी होती.

"अम्माला माहीत होतं? डॉक्टर कशासाठी विचारताहेत ते?"

"ऐकत होती ती. लोबो मोठ्याने सांगत होत्या. कमी पडली तर द्यायची, जास्त झाली तर द्यायची नाही. सगळं ऐकलं तिने."

"आणि तरी दाबलं."

"दाबलं."

नमिताच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. "मूर्ख बाई," ती म्हणाली. "मूर्ख, मूर्ख बाई." आणि पदर तोंडात कोंबून ती खाली बसली. देजप्पा तिच्या डोक्यावर हात ठेवायला वाकला, पण हात मधेच राहिला. त्याला वाटलं, ती झटकेल. तिने झटकला नाही, आणि त्याने ठेवलाही नाही.

थोड्या वेळाने ती उठली, विहिरीच्या पाण्याने तोंड धुतलं.

"आता काय करणार आहात?"

"आत जाऊन सांगणार. सगळ्यांसमोर. ते जे काय म्हणताहेत ते मला ऐकवत नाही, नमिता. लीलक्काच्या हातातली ती वही..."

"नाही सांगायचं."

"का?"

"का म्हणजे?" नमिताचा आवाज चढला आणि तिने तो स्वतःच दाबला. "चार माणसांत तुमची मान खाली जाऊ नये म्हणून ती बोट दाबून गेली. आणि तुम्ही आज पानं मांडलेली असताना तीच मान खाली घालणार? तुम्हाला मोकळं वाटावं म्हणून?"

"मग मी काय करू? सांग तू. तू म्हणशील ते करतो."

"ऐकायचं. लोक म्हणतील ते उभं राहून ऐकायचं."

"किती दिवस?"

"मला काय माहीत, अप्पा?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून रडली. "मलाही ऐकायचंय ना आता."

आतून लीलक्काची हाक आली, पहिली पंगत बसवू का म्हणून. नमिता डोळे पुसून पुढे गेली. देजप्पा तिच्यामागून आत शिरला. कार्कळचा व्याही दारातच उभा होता. त्याने देजप्पाचे दोन्ही हात हातात घेतले आणि खोलीभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "भाऊ, तुम्ही तिच्यासाठी जे केलंत ना, ते दुसरा कुणी करणार नाही."

पानांवर बसलेली माणसं देजप्पाकडे बघत होती. नमिता भाताचं पातेलं धरून थांबली होती.

"हो," देजप्पा म्हणाला.